कळतं, पण रात्री साडेअकराला वळत नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही चूक होत असेल तर दिसेल. तुम्ही ३६ वर्षांच्या. राहायला ठाण्यात वर्तकनगरला, नोकरी नवी मुंबईत ऐरोलीला. घरात नवरा, तिसरीतला मुलगा आणि सासूबाई. रात्री सगळे झोपले की मोबाईल हातात येतो आणि बघता बघता एक-दीड वाजतो. सकाळी उठायला उशीर, डबा राहतो, दुपारी बाहेरून मागवलं जातं, ते क्रेडिट कार्डावर जातं आणि कार्डाचं बिल आलं की तो मेल तुम्ही उघडतच नाही. दर रविवारी ‘उद्यापासून नक्की’ असं ठरतं, गुरुवारपर्यंत बारगळतं. २१ दिवसांचा उपायही करून झाला. शेवटी तुम्ही विचारलंय, ‘सगळं कळत असून मी माझ्याच पायावर धोंडा का पाडून घेते? माझ्यात इच्छाशक्तीच नाही का?’

इच्छाशक्तीचं आधी मिटवू. जी बाई सकाळी घरातल्या सगळ्यांचं आवरून, रिक्षा आणि लोकलची गर्दी अंगावर घेऊन ऑफिस गाठते आणि परत येऊन स्वयंपाकाला लागते, तिच्यात इच्छाशक्ती नाही हे निदान मला मान्य नाही. त्या निदानाचा उपयोगही नसतो. ‘मी अशीच’ म्हटलं की पुढे बघण्यासारखं काही उरत नाही.

तुम्ही चार वाईट सवयी मोजल्यात. मला एकच साखळी दिसते, जिची पहिली कडी रात्री सव्वाअकराच्या आसपास आहे. डबा आणि बाहेरचं जेवण हे तिचे परिणाम आहेत, त्यांच्याशी वेगळं भांडण्यात अर्थ नाही. न उघडलेलं बिल मात्र वेगळ्या जातीचं आहे, त्याकडे नंतर येते.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. प्रत्येक जागरण ही सवय नसते. दोन आठवडे किंवा जास्त काळ रोज मन खिन्न असेल, आवडत्या गोष्टीही नकोशा वाटत असतील, भूक-झोप बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकतं; तिथे वेळापत्रकाचे सल्ले देणं म्हणजे अन्याय. झोपेत मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकणं, पुरेसं झोपूनही दिवसभर पेंग येणं असेल तर झोपेतल्या श्वसनाची तपासणी हवी. सततचा थकवा असेल तर थायरॉईड आणि हिमोग्लोबिन बघून घ्या. शाळेपासूनच विसरणं, अर्धवट सोडणं, वेळेचं भान नसणं असं असेल तर एडीएचडीची, म्हणजे लक्ष टिकवणं मुळातच अवघड जाण्याच्या विकाराची, शक्यता मानसोपचारतज्ज्ञांकडून पडताळून घ्यावी. मोठ्या बायकांमध्ये ती बऱ्याचदा ‘धांदरटपणा’ म्हणून निसटते. यातलं मनाच्या बाजूचं काही लागू असेल तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे, आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे. आणि हे वाचणाऱ्या कुणाची सवय रोजच्या दारूची असेल तर पुढचं काही स्वतःवर करून बघू नका. बरीच वर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके, भ्रम असं जिवावरचं होऊ शकतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

आणखी एक शक्यता, जी बायकांच्या बाबतीत मी आधी तपासते: ही सवय आहे की नुसता कामाचा बोजा? दिवसातला एकही तास तुमचा नसेल तर रात्री चोरलेला तास हा दोष कसा म्हणायचा? तुमच्या लिहिण्यात एक वाक्य जाता जाता आलंय, ‘तेवढाच तर माझा वेळ असतो.’ मला वाटतं सगळ्या प्रश्नाची किल्ली तिथेच आहे.

कारण स्वतःच्या मुळावर येणारी कुठलीही सवय काहीतरी काम करत असते. ती टिकते ते त्या कामामुळे. फोन रात्री तुम्हाला दोन गोष्टी देतो: कुणी काही मागत नाही असा वेळ, आणि उद्याची सकाळ थोडी लांबल्याची भावना. बिल न उघडल्याने मिळते ती छातीतली धडधड टळल्याची सुटका. ही सुटका दोन सेकंदांत मिळते, किंमत मात्र सकाळी सहाला किंवा महिन्याच्या शेवटी मोजावी लागते. लगेच मिळणारं थोडं आणि उशिरा बसणारं पुष्कळ यांच्या झुंजीत माणसाचा मेंदू बहुतेक वेळा पहिल्याच्या बाजूने झुकतो. चालढकलीवरच्या संशोधनातही हेच निघतं. फ्यूशिया सिरॉय आणि टिमोथी पिचिल यांनी २०१३ मध्ये मांडलं की टाळाटाळ ही वेळेच्या नियोजनातली चूक कमी आणि नकोशी भावना तात्पुरती घालवण्याची युक्ती जास्त असते. म्हणूनच नवीन डायरी, नवीन प्लॅनर आणून फारसं काही होत नाही. डायरी वेळ मांडते, भावनेचं तिला काही करता येत नाही.

सुरुवात नोंदीपासून करायची. सात दिवस काहीही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. हे सांगितलं की लोक हिरमुसतात, त्यांना उपाय आजच हवा असतो. पण नोंदीशिवाय केलेला उपाय अंदाजाने घेतलेल्या गोळीइतकाच. एक छोटी वही, पानावर चार रकाने: किती वाजता आणि कुठे, त्याच्या लगेच आधी काय घडलं, मी काय केलं आणि त्या क्षणी मनात कोणतं वाक्य होतं, दहा मिनिटांनी कसं वाटलं. एका नोंदीला दोन ओळींपेक्षा जास्त नाही. उदाहरणादाखल, तुमच्या वर्णनावरून एक ओळ अशी निघेल: ‘मंगळवार, ११.२०, पलंगावर. शाळेच्या ग्रुपवर प्रोजेक्टचा मेसेज बघायला फोन घेतला. मेसेज बघून रील्स. “दिवसभर राबले, आता एवढं तरी”. दहा मिनिटांनी: बरं वाटलं. १२.४०: चिडचिड, पण ठेवावासा वाटेना.’

या एका ओळीत चार कामाच्या गोष्टी आहेत. सुरुवात करमणुकीने झाली नाही, शाळेच्या मेसेजने झाली. जागा पलंगाची होती. परवानगी देणारं एक ठरावीक वाक्य होतं. आणि आनंद दहा मिनिटांपुरताच होता, पुढची सत्तर मिनिटं नुसता अंगठा फिरत होता. बहुतेकांना ही शेवटची गोष्ट लिहिल्याशिवाय दिसत नाही. त्यांना वाटतं आपण दीड तास मजा सोडायला निघालोय. प्रत्यक्षात मजा दहा मिनिटांची असते.

नोंद फसते ती तीन ठिकाणी. एक, रात्री झोपताना दिवसभराचं आठवून लिहिलं जातं. तोवर मन सोयीची आवृत्ती तयार करतं. घडल्यावर लगेच, नाहीतर फार तर अर्ध्या तासात लिहा. दुसरं, फोनमध्येच लिहायला घेतलं जातं; मग नोंद करायला फोन उघडायचा आणि पुन्हा त्यातच अडकायचं. कागदच हवा. तिसरं, तिसऱ्या रकान्यात ‘नालायकपणा केला’ असं लिहिलं जातं. ते वर्णन झालं नाही, तो निवाडा झाला. ‘रील्स पाहिले, ८० मिनिटं’ एवढंच लिहा.

सात दिवसांनी पानं समोर ठेवून एकच शोधायचं: काय परत परत येतंय? बहुतेक वेळा दोन-तीन ठिणग्यांवर सगळं येऊन थांबतं. नंतर काम फक्त तेवढ्यांवर.

आता रात्रीच्या फोनबद्दल जरा बारकाईने. झोपायला कुणी अडवत नसताना उगाच जागत बसणं यावर नेदरलंड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये स्वतंत्रपणे लिहिलं. तेव्हापासून ही चालढकलीचीच एक जात म्हणून अभ्यासली जाते. तुमच्या बाबतीत उपाय फोन हिसकावून घेण्याचा नाही. जे काम तो करतो, म्हणजे ‘माझा वेळ’, ते आधी दुसरीकडे लावून द्यायचं. रोज चाळीस मिनिटं, साधारण ९.४० ते १०.२०, मुलगा जागा असला तरी. यासाठी घरातली कामं हलवावी लागतील आणि इथे गुळमुळीत बोलून चालत नाही. ‘जरा मदत करत जा’ या वाक्याने आजवर कुठल्या घरातलं काम हललेलं नाही. कामाचं नाव घ्या. ओटा आवरणं, विरजण लावणं, दप्तर भरणं, यातली दोन कायमची नवऱ्याकडे, विचारावं लागणार नाही अशी. सासूबाईंना जमत असेल तर नातवाला झोपवणं त्यांच्याकडे. पुष्कळ आज्यांना ते हवंच असतं. हे बोलणं रविवारी सकाळी चहाच्या वेळी करा, रात्री दमून वैतागलेलं असताना नको.

त्या चाळीस मिनिटांत काय करायचं? काहीही. मालिका बघा, मैत्रिणीशी बोला, हवं तर रील्सच बघा. अट एवढीच की बसून, दिवे चालू असलेल्या खोलीत, पलंगावर नाही. लोकांना हे आश्चर्याचं वाटतं, त्यांना वाटतं आता ध्यान किंवा वाचन सांगणार. पण सुखाची जागा हलवणं आणि सुखाचा प्रकार बदलणं ही दोन ओझी एकदम उचलली की दोन्ही पडतात. आधी जागा आणि वेळ हलू द्या.

मग चार्जर. तो पलंगाशेजारून उठून स्वयंपाकघरात, मिक्सरच्या प्लगजवळ. वन-बीएचके असेल तर हॉलच्या टोकाला, पण हात पोचणार नाही इतका लांब. गजरासाठी सेलवर चालणारं टेबलक्लॉक घ्या, जांभळी नाक्याच्या बाजारात दोन-तीनशेत मिळतं. ‘गजर फोनमध्ये आहे’ ही फोन उशाशी ठेवण्याची सगळ्यात लोकप्रिय सबब आहे, ती त्या घड्याळाने संपते. दुसरी सबब, ‘रात्री आईचा फोन आला तर?’ रिंग मोठी ठेवा. आपल्या घरांच्या आकारात स्वयंपाकघरातला फोन ऐकू न येण्याची भीती नाही. शाळेचा ग्रुप रात्री साडेनऊला एकदा बघायचा. त्यानंतर आलेलं सकाळी.

आणि हे ‘ठरवायचं’ कसं, त्यालाही पद्धत आहे. ‘आजपासून फोन लवकर ठेवीन’ हे ठरवणं नव्हे, ती इच्छा झाली. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये दाखवलं की ‘अमुक घडलं की मी तमुक करीन’ अशा साच्यात ठरवलेलं बरंच जास्त पार पडतं. तुमचं वाक्य असं काही असेल: ‘बैठकीतला टीव्ही बंद झाला की मी फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावीन आणि तिथूनच पाण्याची बाटली भरून आणीन.’ घड्याळातल्या वेळेपेक्षा घरात रोज घडणारी एखादी खूण धरा. १०.३० वाजले हे लक्षात यायला कुणीतरी बघावं लागतं, टीव्ही बंद झाल्याचं आपोआप कळतं.

झोपेची वेळ एकदम ओढू नका. दीड वाजता झोपणारी बाई साडेदहाला आडवी झाली की तासभर छताकडे बघत पडते, मग कंटाळून उठून फोन आणते, आणि ‘हा उपाय आपल्याला लागू पडत नाही’ असा निष्कर्ष काढते. आधी उठण्याची वेळ बांधा, झोपण्याची तिच्या मागून येते. समजा सहा. तर रविवारीही सहा, फार तर सात. झोपण्याची वेळ दर तीन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं आधी आणा. संध्याकाळी घरी आल्यावर सातचा चहा होत असेल तर तो पाच-साडेपाचला ऑफिसातच घ्या; कॅफिन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात.

इथेच तुमच्या सोमवारचं गणित उलगडतं. रविवारी नऊ-दहापर्यंत झोप, दुपारी जेवणानंतर पुन्हा दोन तास, मग रात्री साडेदहाला झोप यावी कुठून? सोमवार हा आठवड्यातला सगळ्यात वाईट मुहूर्त आहे आणि लोक नेमका तोच धरतात. बुधवारी सुरू करा. बुधवारला कसलंही वलय नाही, त्यामुळे मोडला तरी ‘आता पुढच्या बुधवारी’ असं कुणी म्हणत नाही.

पहिल्या आठवड्यात ओढ कमी व्हायच्या ऐवजी वाढल्यासारखी वाटेल. मिळत होतं ते बंद झालं की मन आधी जोर करून मागतं. उपाय चालत असल्याचंच ते लक्षण असतं. अशी ओढ बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत चढून उतरते. तेवढा वेळ ती मारायची नाही, तिच्याशी वाद घालायचा नाही, अंधारात पडून नुसतं बघायचं की ती अंगात कुठे जाणवते. हातात, जबड्यात, पोटात.

आता त्या वाक्याकडे येऊ, ‘दिवसभर राबले, आता एवढं तरी’. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून जी उपचारपद्धती मांडली, जी महाराष्ट्रात पोचवण्यात कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे, ती विवेकनिष्ठ उपचारपद्धती नेमकी अशा वाक्यांवर बोट ठेवते. प्रसंग आणि वागणूक यांच्या मध्ये एक समजूत असते आणि ती इतकी झटकन येऊन जाते की आपल्याला प्रसंगानेच वागायला लावलं असं वाटतं. तुमच्या वाक्यात अर्धं खरं आहे. राबलात, हे खरं. विरंगुळा हवा, हेही खरं. खोटं आहे ते पुढचं, न बोललेलं: ‘आणि तो आत्ताच मिळाला नाही तर मला सहन होणार नाही.’ सहन होतं. त्रास होतो, पण सहन होतं. या दोन वाक्यांतलं अंतर कागदावर लिहून बघा. ‘मी खंबीर आहे, मी करू शकते’ असली आरशासमोर म्हणायची वाक्यं मी सुचवत नाही, कारण रात्री साडेअकराला ती स्वतःलाच खरी वाटत नाहीत. त्यापेक्षा रुक्ष पण खरं वाक्य बरं: ‘मला फोन हवासा वाटतोय. न घेतल्याने वीस मिनिटं बेचैन वाटेल. उद्या सहाला उठायला सोपं जाईल.’ वहीच्या पहिल्या पानावर, स्वतःच्या अक्षरात.

आता बिल. इथे सवय आहे टाळण्याची, आणि टाळण्याचा एक वाईट गुण असा की दर वेळी टाळलं की भीती वाढते. न बघितलेला आकडा मनात नेहमी मोठाच होत जातो. त्यामुळे पहिलं पाऊल पैसे भरण्याचं नाही, बघण्याचं. शनिवारी सकाळी अकरा वाजता, चहा घेऊन, बिल उघडा आणि कागदावर तीनच गोष्टी उतरवा: एकूण देय, किमान देय, शेवटची तारीख. बंद करा. त्या दिवशी काही भरायचं नाही, हिशेब लावायचा नाही, नवऱ्याशी चर्चा नाही. बघितलं आणि आभाळ कोसळलं नाही, एवढा अनुभव मिळाला की काम झालं. भरणा रविवारी. शेवटची तारीखच शनिवारी येत असेल तर अर्थात हा थाट सोडा आणि भरून मोकळ्या व्हा.

किमान रक्कम भरत राहणं हे या सवयीचं जरा सभ्य रूप आहे, आणि ते फार महाग पडतं. आकडा तुम्ही दिलेला नाही, म्हणून ४०,००० थकबाकी धरू. व्याजाचा दर बँकेगणिक बदलतो, पण महिना ३.५ टक्के हा नेहमी आढळणारा दर आहे. म्हणजे महिन्याचं व्याज १,४०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२ रुपये, एकूण १,६५२. किमान देय ५ टक्के धरलं तर २,०००. तुम्ही दोन हजार भरले, त्यातले १,६५२ व्याज-करात गेले, मुद्दल उतरलं ३४८ रुपयांनी. शिवाय मागची बाकी पूर्ण फेडलेली नसेल तर नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आज दुपारी मागवलेल्या अडीचशेच्या बिर्याणीवर आजपासून व्याज. विलंबशुल्क मात्र देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाला तरच लावता येतं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, त्यामुळे काल तारीख चुकली म्हणून ‘आता काय उपयोग’ म्हणत बसू नका.

व्यवहारात करायचं ते असं. किमान रकमेचं ऑटो-पे लावून टाका, पण ते फक्त दंड टाळायला, फेडायला नव्हे. पगाराच्या दुसऱ्या दिवशी जमेल तेवढी मोठी रक्कम हाताने भरा. बाकी मोठी असेल तर बँकेला फोन करून हप्त्यांत रूपांतर करता येईल का आणि किती दराने, हे विचारा. तो दर सहसा कार्डाच्या चालू व्याजापेक्षा बराच कमी असतो, प्रक्रिया शुल्क मात्र आधी विचारून घ्या. आणि जेवण मागवायच्या अॅपमधून कार्डाची साठवलेली माहिती काढून टाका. दर वेळी सोळा आकडे टाकावे लागले की निम्म्या ऑर्डरी तिथेच गळतात. त्या गळायला इच्छाशक्ती लागत नाही, नुसता आळस पुरतो, आणि तो आपल्या सगळ्यांकडे मुबलक असतो.

२१ दिवसांचं काय? हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या एका निरीक्षणातून आला. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला नवा चेहरा आपला वाटायला निदान २१ दिवस लागतात, असं ते होतं. ‘निदान’ मागे पडलं, चेहराही मागे पडला, आकडा तेवढा फिरत राहिला. प्रत्यक्षात मोजलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी. ९६ जणांच्या त्या अभ्यासात, जो २००९ मध्ये आला, नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. माणूस आणि सवय यांनुसार हा काळ १८ दिवसांपासून २५४ पर्यंत पसरलेला होता. म्हणजे बाविसाव्या दिवशी तुम्हाला जड जात होतं त्यात तुमचं काही चुकलं नव्हतं. त्याच अभ्यासात असंही दिसलं की मध्ये एखादा दिवस चुकला तर एकूण घडणीवर फारसा परिणाम होत नाही.

हे मनात मुरावं म्हणून स्वयंपाकघरातलं कालनिर्णय वापरा. दुधाचा हिशेब आपण तिथे ठेवतोच. दूधवाला एक दिवस आला नाही तर त्या चौकोनात खाडा मांडतो, महिन्याचं दूध बंद करत नाही. फोन स्वयंपाकघरात झोपला त्या दिवशी टिंब, नाही तर खाडा. दोन नियम: खाडा झाकायचा नाही, आणि लागोपाठ दोन होऊ द्यायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी निकष खाली आणा. वेळ पाळता आली नाही तरी चालेल, फोन फक्त चार्जरला लागला पाहिजे, मग बाराला का असेना.

एका खाड्यापेक्षा खाड्यानंतरची शिवीगाळ जास्त नुकसान करते. ‘मोडलंच आहे तर मोडू दे’ हे डाएट करणाऱ्यांचं वाक्य तुम्ही ऐकलं असेल. एक गुलाबजाम झाला म्हणून चार. आपल्याकडे समज असा की स्वतःला झोडपलं की माणूस सुधारतो. कॅनडाच्या कार्लटन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर २०१० मध्ये झालेल्या अभ्यासात उलट दिसलं: पहिल्या परीक्षेआधी टाळाटाळ केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी टाळाटाळ कमी केली. कारण वर आलंच आहे. टाळणं हे वाईट वाटण्यापासून पळणं असेल, तर वाईट वाटणं वाढवून ते कमी कसं होणार?

घरच्यांना एक सांगून ठेवा. ‘बघू किती दिवस टिकतंय’ हा विनोद दोन महिने बंद. आणि ‘आज फोन ठेवलास का?’ अशी पहारेदारीही नको. अशा पहाऱ्याने रात्रीच्या त्या तासाला चोरीची गोडी येते.

उशिरा निघण्याबद्दल थोडक्यात, कारण झोप सुधारली की यातलं बरंचसं आपोआप सुटेल. प्रवासाचा वेळ मोजताना आपण आजवरचा सगळ्यात चांगला दिवस धरतो. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच या चुकीवर लिहिलंय. ठाणे ते ऐरोली गाडीत जेमतेम दहा मिनिटं, म्हणून प्रवास ‘जवळचा’ वाटतो. दाराला कुलूप लावल्यापासून गाडीत पाय ठेवेपर्यंत तीन दिवस घड्याळ लावा: लिफ्ट, रिक्षा मिळणं, स्टेशनाबाहेरची कोंडी, पूल, मग ट्रान्स-हार्बरच्या फलाटापर्यंतची चाल. तीन दिवसांतला सगळ्यात वाईट दिवस हा तुमचा खरा वेळ. त्यात पावसाळ्यात दहा मिनिटं घाला.

डबा सध्या सोडून द्या, आणि हे मनापासून म्हणते. पहिले सहा आठवडे ऑफिसच्या कँटीनची पोळी-भाजी खा किंवा पोळी-भाजी केंद्रातून महिन्याचा डबा लावा. रोज अॅपवरून मागवण्यापेक्षा तो स्वस्तच पडतो आणि पैसे महिन्याला एकदाच, रोख जातात. मुलाचा डबा तुम्ही करताच आहात. झोप जागेवर आल्यावर त्याच्याच कणकेत दोन पोळ्यांची भर घालून आठवड्यातून दोन दिवस स्वतःचा सुरू करा, मंगळवार आणि गुरुवार. पाचही दिवसांचा विचार दिवाळीनंतर.